शुक्रवारी ऐकू येणारा मी

मी पंढरीचं हृदय बोलतोय. थापा मारतो म्हणाल, तर मारतो. मूठभर जागेत जन्मभर कोंडून राहिलेल्याने दुसरं करायचं तरी काय? पंढरीने कमळाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी असा उडालो, की वळ गावच्या गोदामांचे पत्रे थरथरले. हवं तर कमळालाच विचारा. हसेल, पण नाही म्हणणार नाही.

माझा जन्म दिघाशीचा. पुढे पंढरीने टेमघरला कापड विणायचे लूम टाकले आणि आम्ही दोघं त्या खडखडाटात राबू लागलो. पंढरीचा कान असा, की वीस लूम चालू असताना एकाचा ठोका चुकला तरी जेवता जेवता उठतो. माझ्याकडे मात्र त्याने कधी कान दिला नाही. गरजच नव्हती. मी कधी चुकलोच नव्हतो.

यंदा त्याला व्हायरल ताप आला. ताप उतरला न उतरला तोच हा गडी सूत गुंडाळलेला जड बीम, म्हणजे लूमचा रूळ, उचलायला हजर. पण त्या तापाने जाता जाता मला सुजवलं होतं. मधेच माझा एक ठोका निसटायचा, पुढचा धाडकन पडायचा, कधी उगाचच घोडदौड सुरू व्हायची. मी जीव तोडून सांगत होतो. लूमपुढे माझं कोण ऐकणार?

शुक्रवारी आठवड्याची सुट्टी, लूम बंद असतात. त्या शांततेत मी पंढरीला पहिल्यांदा ऐकू आलो. तो दचकून उठून बसला.

"कमळे, लूम बंद असला का धडधडतंय. चालू असला का कायबी न्हाय. म्हंजे लूमच माझं औषद हाय!"

"अवो, डोकं हाय का खोकं? डॉक्टरकडं चला."

"डॉक्टर आराम सांगल. आरामातच तं धडधडतंय!"

झालं. साहेबांनी दोन-दोन शिफ्ट धरल्या. पुढच्या शुक्रवारी तर घरात रिकामा मिक्सर लावून बसले! मीही ठरवलं, थांबायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही.

एका दुपारी वीज गेली. सगळे लूम एकदम मुके. पंढरीच्या खांद्यावर बीम, आणि आत मी, सैरभैर.

"सेठ, पसीना क्यों छूट रहा है? बैठ जाओ!" लूमवरच्या कारागिराने बीम धरला.

डबा घेऊन आलेल्या कमळाने पंढरीच्या छातीवर हात ठेवला. मी तिच्या तळव्याखाली एक ठोका गाळला. तिला कळलं.

"वीस लूममधला एक चुकला तं ताटावरनं उठता," ती म्हणाली. "ह्यो तं एकच हाय तुमच्याकं. ह्याच्यासाठी कवा उठनार?"

पंढरी उठला. डब्याचं झाकण न उघडता रिक्षात बसला.

डॉक्टर विनिताबाईंनी माझ्या ठोक्यांची ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफीसारखं यंत्र फिरवून मला पडद्यावर पाहिलं. "तापानंतर असे ठोके पुष्कळांचे चुकतात, बहुतेकांचे आपोआप सुरळीत होतात. पण तुमचं हृदय सुजलंय, पंढरीभाऊ. मी सांगेपर्यंत काहीही उचलायचं नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, दम लागला, तर मिक्सर नाही लावायचा. तडक इथे यायचं."

कमळाने त्यांना सगळं सांगितलं होतं तर!

सूज आता उतरते आहे. माझं मागणं एवढंच: तापातून उठलात की आमच्यावर लगेच ओझं टाकू नका. आणि आम्ही बोललो, तर आवाज वाढवून आम्हाला झाकू नका.

आज शुक्रवार. घरात शांतता. मघाशी माझा एक ठोका निसटला. पंढरी दचकला नाही. छातीवर हात ठेवून म्हणाला, "बोल बाबा, ऐकतोय."