तिसऱ्या चौकटीवरून

वादळाचं पाणी तीन आठवडे उतरलंच नाही. इथे लुईझियानाच्या टोकाला दक्षिणेचा वारा सुटला की तो समुद्र आत ढकलत राहतो. दलदलीतलं गवत मात्र हिरवं दिसत होतं. म्हणजे बोटीतून.

मी आणि नॉन्क ओव्हीद गेलो होतो. नॉन्क म्हणजे माझा मामा, आईचा थोरला भाऊ. बोट त्याची, मोजणी माझी. खांबांवर टाकलेल्या फळ्यांची वाट आहे, वाटेला लागून चार चौकटी, प्रत्येक चौकटीत मातीत रोवलेल्या सुया. माती पाण्याखाली राहिली की तिच्यातली हवा संपते आणि मीटरवरचा आकडा शून्याच्या खाली जातो. जितका खाली, तितकं मुळांचं वाईट. नियम एकच. चौकटीत पाय पडायचा नाही. पडला की माती दबते, सगळी मोजणी बाद. मोजणीच्या कामातली आमची मुख्य, मिस क्लॉतिल, हे इतक्यांदा म्हणालेली की मी स्वप्नातही वळसा घालून जायचो.

नॉन्कला या सगळ्याची गंमत वाटायची. "काय डॉक्टर, पेशंटला ताप किती?"

तिसऱ्या चौकटीत मी सुई जोडली. उणे दोनशे सत्तर. वरची, मधली, खालची, सगळ्यांचा आकडा तेवढाच. असं कधी पाहिलं नव्हतं. जिवंत मुळं थोडी तरी हवा खाली नेतात, वर-खाली फरक पडतो. इथे फरकच नाही. म्हणजे मुळं मेली. म्हणजे ते हिरवं कशालाच धरून नव्हतं, लगद्यावर नुसतं ठेवलेलं होतं. सडक्या अंड्यांचा वास येत होता.

नॉन्कला चौकटीपलीकडे खेकड्यांचा पिंजरा दिसला. वादळाने आणून टाकलेला, अगदी धड.

"उतरू नको," मी म्हटलं. "खाली काही राहिलं नाहीये."

"तू जन्मायच्या आधीपासून चालतोय मी इथे." माझा मान राखून त्याने चौकटीला वळसा घातला आणि फळ्यांवरून खाली उतरला.

चार पावलं गेला. पुढच्या पावलाला मांडीपर्यंत. हसला. शिवी द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात कमरेपर्यंत. पाय काढायला जोर लावला तर छातीपर्यंत. गवत धरलं, तर अख्खा झुबका हातात आला, मुळं काळी, बुळबुळीत. मग तो हसायचा थांबला. घाबरल्यावर त्याचा चेहरा आईसारखा दिसतो, हे मला माहीत नव्हतं.

फोनला रेंज नाही. पाणी चढतंय. मी मागची सुटी फळी उचलली, धावलो, आणि ती चौकटीला वळसा घालून टाकायला लागलो. पाय आपोआप तिकडून गेले. तिकडून अंतर जास्त, फळी हातभर कमी पडली. ओढली, परत टाकली. परत वळशानेच.

"अरे गाढवा," नॉन्क म्हणाला. ओरडला नाही. हनुवटी वर धरून हळूच म्हणाला. "वरून घाल की."

फळी सरळ चौकटीवर आपटली. सुया मोडल्या, आवाज आला. मी पोटावर सरपटत गेलो, फळी माझ्याखाली दबत होती, पाणी नाकाला लागत होतं. त्याने माझं मनगट धरलं. मी म्हटलं, उभा राहू नको, आडवा हो, पोहतोस तसा. किती वेळ लागला माहीत नाही. तो बाहेर आला, दोन्ही बूट आत राहिले. बोटीत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मिस क्लॉतिलला फोनवर सगळं सांगितलं. तिने आधी विचारलं, ओव्हीद कसा आहे. चौकटीबद्दल अवाक्षर नाही. शेवटी म्हणाली, चौथी राहिलीय, जाववेल का तुला?

मला जायचं नव्हतं. पुढच्या आठवड्यात गेलो. पलीकडच्या गावाला समुद्रापासून राखणारी दलदलीची तीच एक पट्टी आहे, तिचं काय झालं ते कुणीतरी बघायलाच हवं. नॉन्क बोट घेऊन आला, पण फळीवर चढला नाही. दोराचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या. मी म्हटलं, बोटीला बांध ना, बोट जड आहे.

"बोटीला कळणार आहे का तू गेलास ते?"

गाठ मारून त्याने ती दोनदा ओढून पाहिली. चौथ्या चौकटीशी वाकलो, सुया एकेक करून जोडल्या. वर, मध्ये, खाली. आकडा एकच. म्हणजे इथेही मुळं मेलेली, माझ्या फळीचे खांबही लगद्यातच उभे.

मागून नॉन्कने विचारलं, किती.

मी म्हटलं, "हळूच ओढ."