फ्रिजवरचा पडदा

मी पडदा बोलतोय. खरं तर माझं काम झाकायचं, बोलायचं नाही. पण एका गोष्टीची लाज मनात इतकी साचली आहे की आता बोलल्यावाचून राहवत नाही.

चारोटीहून आत गंजाडच्या बाजूला एक छोटा धर्मादाय दवाखाना आहे, तिथे मी असतो. दवाखान्याचं नाव मात्र विचारू नका. २०१४ साली हिरकणी सिस्टरांनी मला डहाणूच्या बाजारातून आणलं. दुकानदार फुलाफुलांची कापडं दाखवत होता आणि सिस्टर प्रत्येक कापड उजेडात धरून बघत होत्या. ज्यातून आरपार दिसत नव्हतं असा मी एकटाच, जाडा आणि हिरवा. मला कड्या लावून त्यांनी तपासणीच्या टेबलापुढच्या दांडीवर चढवलं.

माणसांची एक गंमत मी रोज बघायचो. पुरुष दारातूनच सदरा वर करून आत यायचे आणि डॉक्टरांशी भातपिकाच्या गप्पा मारायचे. बाया मात्र आधी माझी कड ओढून बघायच्या, कुठे फट तर राहिली नाही ना. मग सुस्कारा टाकायच्या आणि बोलायला लागायच्या. मला त्याचा अभिमान होता.

दोन वर्षांनी कुणा दात्याने दवाखान्याला फ्रिज दिला. मोठा समारंभ ठरला. पाहुण्यांपुढच्या टेबलाला चांगलं कापड हवं म्हणून शिपाई बाबल्याने मला काढलं, कड्या उसवल्या, धुऊन इस्त्री केली. माझ्यावर समई ठेवली, हार ठेवले, भाषणं झाली. मी चांगलाच फुगलो. समारंभ आटोपल्यावर फ्रिज तपासणीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवला आणि धूळ बसू नये म्हणून बाबल्याने मला त्याच्यावर पसरलं. सिस्टर रोज आठवण करायच्या, बाबल्या रोज म्हणायचा, उद्या लावतो. दिवाळी झाली तरी तो उद्या काही उगवला नाही. आणि मीही तिथे मजेत होतो, हे कबूल करायला हवं.

त्याच दिवसांत नवशी आली. माळावरचं गवत कापायला जाणारी, तिशीची बाई. ताप, डोकं फुटतंय, अंग मोडून आलंय. सिस्टर त्या दिवशी लसीकरणाला पाड्यावर गेल्या होत्या. डॉक्टर ऋषभ नवे होते, पण हुशार होते. गवतात बारीक किडा असतो, डोळ्याला दिसत नाही, तो चावला की असा ताप येतो, असं त्यांनी तिला समजावलं. मग विचारलं, "अंगावर कुठे काळी खपली आली आहे का? विडीचा चटका लागल्यासारखी? ती दुखत नाही."

नवशीचा हात कमरेच्या गाठीकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने मोकळ्या दांडीकडे बघितलं. दार उघडं होतं. बाकड्यावर तिच्याच पाड्याचे पुरुष बसले होते, शेजारी गवताचा मुकादम.

"नाय," ती म्हणाली. "कुठं काय नाय."

बघावं लागेल, असं डॉक्टर म्हणेपर्यंत ती उठलीसुद्धा. त्यांनी मलेरियासाठी रक्त घेतलं, तापाच्या गोळ्या दिल्या, ताप राहिला तर परत ये म्हणाले. मी दोन हातांवर होतो, फ्रिजवर. फ्रिजला कसली लाज?

काही दिवसांनी ती परत आली, पण चालत नाही. नवरा लाहूने तिला जीपमधून उचलून आणलं. डोळे लाल, धाप लागलेली, मधूनच काहीतरी बरळत होती. लाहू म्हणाला, मधनंच मला पण ओळखत नाय. सिस्टरांनी दांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी मला असं खस्सकन ओढलं की वरची औषधांची खोकी खाली पडली. कड्या तर नव्हत्याच. त्यांनी माझी दोन टोकं लाहूच्या हातात दिली आणि त्याला पाठ करून उभं केलं. तो बाकड्याकडे तोंड करून, दोन्ही हात वर धरून उभा राहिला.

"नवशी, आता कुणी बघत नाही," सिस्टर म्हणाल्या.

तिने लुगडं बाजूला केलं. जांघेत काळी खपली होती.

"अगं, हे तेव्हाच का नाही दाखवलंस?"

"पडदा नव्हता, बाई."

डॉक्टरांनी मान खाली घातली. बाबल्या खोकी उचलता उचलता तसाच बसून राहिला. आणि मी कुठे तोंड लपवणार? त्या तापावरची गोळी पहिल्या दिवशीही समोरच्या कपाटात होती. ती लगेच तिच्या पोटात गेली आणि गाडी तिला घेऊन मोठ्या दवाखान्याकडे सुटली.

नवशी वाचली. पण तेव्हापासून तिला एका कानाने कमी ऐकू येतं. पुढे तिने सिस्टरांना सांगितलं, तसल्या जागी डाग म्हणजे लोक वाईट आजार म्हणतील, नवरा संशय घेईल, अशी भीती होती. लाहू शेजारीच बसला होता. तो तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकला.

आता २०१९ चालू आहे आणि मी कधीचाच परत दांडीवर आहे. गवताचा हंगाम लागला की नवशी पाड्यावरच्या बायांना घेऊन येते. गवतावर तशाच बसू नका, लुगडी गवतावर टाकू नका, घरी गेल्यावर साबणाने अंग धुवा, कपडे बदला, असं त्यांना बजावते. खपली असेल तर दाखवा, म्हणते, आणि आधी स्वतः उठून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढते. तिचा हात लागला की मला अजूनही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी विटलोय, मधोमध विरलोय. नवा पडदा आणायचं चाललंय. खुशाल आणा, माझी फडकी करा. पण मला उतरवायच्या आधी तो लावा. आणि फ्रिजवर धूळ बसली तर बसू दे.