सातचं जहाज

"खेळ म्हटला की तो संपायला हवा," सरोजताई म्हणाल्या. "शेवटी किल्ला पडतो, नाहीतर आपण पडतो. मग उठायचं आणि कुकर लावायचा. हल्ली संपवूच देत नाहीत मेले."

"झालं आजीचं सुरू," डबा भरता भरता क्षिप्रा हसली.

"हस तू. ऐंशी जीबी उतरवून घ्यायचे आणि मग कळतं की अर्धा गेम पुढच्या वर्षी येणार आहे. आमच्या वेळी खोक्यात सीडी यायची, सोबत शंभर पानांची पुस्तिका यायची. जे काय होतं ते त्या खोक्यात. आता बंदूक तीच, तिला गुलाबी रंग दिला की नवा माल! आणि त्या बंद पेट्या. आत काय आहे ते सांगायचं नाही, नुसतं उघडत बसायचं. तो काय खेळ झाला?"

"म्हणूनच तर तुझी गरज आहे गं."

वर्तकनगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हे बोलणं नवं नव्हतं. सरोजताई एकोणसत्तर वर्षांच्या. त्यांचे यजमान मधुकरराव ड्राफ्ट्समन. नकाशे काढायला म्हणून सत्त्याण्णव साली त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला. ते कामावर गेले की दुपारच्या वेळी तो मोकळाच असे. डोंबिवलीला त्यांच्या बहिणीच्या घराखाली एक दुकानदार गेमच्या सीडी भाड्याने द्यायचा. तिथून आणलेला पहिला गेम सरोजताईंनी मांडीवर डिक्शनरी घेऊन खेळला होता. त्यात शहर वसवायचं होतं. त्यांच्या शहरात नळाला पाणी यायला चार दुपारी लागल्या, आणि ते आलं तेव्हा त्यांनी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. मधुकरराव जाऊन सहा वर्षं झाली. कॉम्प्युटर मात्र चार वेळा बदलला आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा तगडा आला.

नात क्षिप्रा वर्षभरापासून त्यांच्याकडे राहत होती. आईवडील विठ्ठलवाडीला, ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, त्यामुळे आजीचं घर सोयीचं. ती गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली होती. खेळून गेलेला माणूस परत कसा येईल, हे बघायचं तिचं काम. नोकरी अजून पक्की झाली नव्हती. महिनाअखेरीला तिचे साहेब, देवेश, काय ते ठरवणार होते.

"सर म्हणाले, आपला नवा गेम तुझ्या आजीला आवडला तर कुणालाही आवडेल," क्षिप्राने सांगितलं. "फोनवर बोटं घासणारे पुष्कळ मिळतात. आम्हांला जुना पीसी गेमर पाहिजे. पंधरा दिवस खेळ आणि सांग, बस. पैसे-बैसे काही नाहीत त्यात, टेस्टिंगचं आहे. सगळं फुकट."

"आणि नावं ठेवली तर?"

"ठेव की! तू नावं ठेवल्याशिवाय राहणारेस का?"

असं ते 'दीपगृह' सरोजताईंच्या कॉम्प्युटरवर आलं.

दिसायला फार सुरेख होतं. कोकणातल्यासारखा किनारा, काळा कातळ, त्यावर विझलेलं दीपगृह. त्याच्या दिव्याला सात वेगवेगळ्या काचा बसवायच्या, म्हणजे तो पेटणार. दिवसातून तीन जहाजं यायची: अकराला, तीनला आणि संध्याकाळी सातला. प्रत्येक जहाज धक्क्यावर एक पेटी ठेवून जाई. पेटीत कधी दोरखंड, कधी मीठ, कधी नुसती वाळू. आणि क्वचित एखादी काच. पाच मिनिटांत पेटी उघडली नाही तर लाट येऊन ती घेऊन जाई.

"हेच ते," सरोजताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "बंद पेटी. कोकणातली झाली म्हणून काय झालं?" वहीत त्यांनी चार ओळी खरडल्याही. समुद्राचा आवाज चांगला. बाकी लबाडी.

चौथ्या दिवसापर्यंत त्यांच्याकडे सहा काचा झाल्या.

सातवी येईना.

सहाव्या दिवशी सकाळी त्या भाजीला गेल्या होत्या. मेथीच्या दोन जुड्या निवडून ठेवल्या, पालकाचा भाव विचारला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा कमी होते. भाजीवाली पाठीमागून हाक मारत राहिली, "ओ आजी, मेथी राहिली!" सरोजताई तोवर कोपऱ्यावर पोचल्या होत्या. गुडघ्यांना न जुमानता त्या तीन मजले चढल्या, कुलूप उघडून थेट आत गेल्या, आणि पेटीत वाळू निघाली.

खुर्चीत बसून धापा टाकताना त्यांचं लक्ष खाली गेलं. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा फरशीवर पुढे-मागे, पुढे-मागे घासत होता.

तो अंगठा त्यांनी पूर्वी पाहिला होता.

कल्याणला पारनाक्याजवळच्या चाळीत, त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना, वडील असेच बसायचे. अण्णा स्वभावाने गरीब, कारकुनी करणारे, मुलांवर कधी हात न उगारणारे. पण मटक्याचा आकडा फुटायची वेळ झाली की त्यांचा अंगठा फरशीवर चालू लागे. तुमच्याशी बोलत असायचे, हसायचेसुद्धा, पण ते तिथे नसायचे. "सरू, जा गं, पानवाल्याकडे काय लिहिलंय बघून ये." ती धावत जाई. तो आकडा तोंडात घोळवत परत येई, आणि दारातून अण्णांचा चेहरा बघताना तिला फार भीती वाटे. आकडा चुकला म्हणून नव्हे. अण्णा लगेच उद्याचं बोलू लागत, म्हणून. आईने विचारलं की सांगत, "सोडलं मी ते." इतक्या सरळ चेहऱ्याने सांगत की तिलाही खरं वाटे.

माणसं म्हणत, पैशाच्या लोभाने मटका लागतो. सरोजताईंना ते कधी पटलं नव्हतं. आणि आता तर त्यांच्या समोरच्या पेटीत फुटकी कवडीही नव्हती. होती ती फक्त पुढची वेळ.

त्यांनी पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवला. संध्याकाळी क्षिप्राने विचारलं, "कसा चाललाय गेम?"

"बघते मधूनमधून," सरोजताई म्हणाल्या.

आपला चेहरा किती सरळ राहिला, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

मंगळवारी साडेसहाला शेजारची हेमांगी आली, कडेवर पायलला घेऊन. पायल दोन वर्षांची. "काकू, अर्धा तास ठेवाल का हिला? सासूबाईंना डॉक्टरकडे नेऊन आणते. खाली रिक्षा उभीये."

"विचारतेस काय? दे इकडे."

पायलला सरोजताईंचं घर पाठ होतं. ती डब्यांची झाकणं काढून बसली. सरोजताईंनी तिला केळं कुस्करून भरवलं, चिऊचं गाणं म्हटलं. सातला दोन कमी असताना त्या म्हणाल्या, "आजी आलीच हं," आणि आतल्या खोलीत गेल्या.

जहाज आलं, पेटी उतरली. त्यांनी ती उघडली. आत काच होती, पण ती दोन नंबरची काच होती, त्यांच्याकडे आधीच असलेली. मग पडद्यावर पहिल्यांदाच एक नवी ओळ आली. आज एक जहाज जास्तीचं येत आहे, थांबा.

त्या थांबल्या.

ते जहाज क्षितिजावर फार हळू येत होतं. पंख्याची घरघर, समुद्राची गाज. ती दुसरी पेटीही उघडून झाली. मीठ. तेव्हा कुठे त्यांच्या कानावर आलं की बाहेरच्या खोलीत काहीच वाजत नाही.

झाकणं फरशीवर होती. पायल नव्हती. हवेसाठी उघडं ठेवलेलं दार तसंच सताड उघडं होतं.

"पायल?"

मोरीत पाहिलं. पलंगाखाली पाहिलं. मग त्या जिन्यात आल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याची एक सळई कित्येक महिन्यांपासून निखळलेली होती. सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत तिचा विषय निघायचा. त्या फटीत पायल उभी होती, दोन्ही बाजूंच्या सळया मुठीत धरून. तिचं डोकं आणि एक खांदा पलीकडे गेला होता. खाली तळमजल्यावर कुणीतरी स्कूटर पुसत होतं आणि ती वरून त्याला "टाटा" करत होती.

सरोजताईंनी हाक मारली नाही. दचकून हात सुटला असता. भिंतीला धरून एकेक पायरी त्या उतरल्या, श्वास आवाज करील म्हणून तोही धरून ठेवला, आणि झग्याची मागची चूण मुठीत आली तेव्हा तिला मागे ओढून जिन्यातच बसल्या. पायल खुदकन हसली.

हेमांगी आली तेव्हा लेक त्यांच्या मांडीवर होती. "त्रास नाही ना दिला?"

"छे गं," सरोजताई म्हणाल्या. "शहाणी आहे ती."

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी अकराला त्या खुर्चीत होत्या. आणि तीनला. आणि सातला. याचीच त्यांना सगळ्यांत जास्त धडकी भरली.

शनिवारी सकाळी क्षिप्रा लॅपटॉप घेऊन ओट्याशी आली. चेहरा नुसता फुललेला.

"आजी, तू कमाल आहेस! सोमवारी सर हे सगळ्यांसमोर दाखवणारेत. हे बघ, ही निळी रेघ म्हणजे तू. पहिले दोन दिवस आडवी, आणि मग बघ कशी चढलीये! आणि हा मंगळवार. ते जास्तीचं जहाज आहे ना, ती माझी आयडिया होती. पेटी आल्यावर एका सेकंदात उघडलीस तू! एका सेकंदात! विशीतल्या पोरांना तीन लागतात. सर म्हणाले, तुझी नोकरी पक्की समज."

सरोजताईंनी गॅस बंद केला. निळ्या रेघेचं ते टोक त्या बघत राहिल्या. त्या टोकापाशी एक झगा होता, आणि सळईची फट होती. क्षिप्राला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिला रेघ दिसत होती, आणि ती छान होती.

"ये, बस इथे," त्या म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. मेथी, अंगठा, अण्णा, आणि मग मंगळवार. क्षिप्राचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"पण काही झालं नाही ना," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे... पायल ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"मग आजी, सोमवारपर्यंत... प्लीज. माझं कन्फर्मेशन आहे गं. नंतर मी सांगेन सरांना. शप्पथ."

"तुझं तू ठरव. ते काही मी सांगणार नाही. माझ्या मशीनवरून आधी तो काढ. आत्ता. मला जमत नाहीये. चारदा काढायला बसले, माउस हातात घेतला, आणि अकरा कधी वाजतात ते बघत राहिले."

दोघी आतल्या खोलीत आल्या. सरोजताई खुर्चीत बसल्या, क्षिप्रा बाजूला उभी राहून माउस हलवू लागली. पडद्यावर चौकट आली. तुमच्या सहा काचा कायमच्या समुद्रात जातील. नक्की?

"ही ओळसुद्धा मीच लिहिलीये," क्षिप्रा पुटपुटली, आणि थांबली. "आजी, हात सोड ना. लागतंय."

"मी कुठे धरलाय?"

"आजी!"

सरोजताईंनी खाली पाहिलं. टरारलेल्या शिरांचा, जुन्या बांगड्यांचा एक हात क्षिप्राच्या मनगटावर होता. बांगडीची कड कातडीत रुतली होती. तो हात आपला आहे हे कळायला त्यांना वेळ लागला, आणि कळल्यावरही बोटं लगेच उघडेनात. दुसऱ्या हाताने त्यांनी ती एकेक करून सोडवली.

क्षिप्रा दोन पावलं मागे सरली होती. भिंतीपर्यंत. आपल्या नातीला आपली भीती वाटलेली सरोजताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"दाब ते," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसल्या. "मी अशी बसते. दाब."

क्षिप्राने पुढे वाकून बटण दाबलं. काचा एकेक करून पाण्यात पडल्या. कंपनीने त्यालाही फार गोड आवाज दिला होता.

मग सरोजताई उठल्या, पदर सारखा केला आणि चपला न घालताच बाहेर आल्या.

"कुठे चाललीस?" क्षिप्राने विचारलं.

"शेजारी. हेमांगीला सांगायचं राहिलंय."

"आजी, ती परत कधी ठेवणार नाही तिला आपल्याकडे."

"नकोच ठेवू दे. आज सातला मी काय करीन, ते मला ठाऊक नाही."

त्यांनी समोरची बेल दाबली. दार उघडलं. हेमांगीच्या कडेवर पायल होती. त्यांना पाहताच तिने सवयीने दोन्ही हात पुढे केले. सरोजताईंनी तिला घेतलं नाही. दारातच उभं राहून, मधे कुठेही न थांबता, त्यांनी मंगळवारचं सांगितलं. कठडा, फट, आणि आपण आत काय करत होतो तेही.

हेमांगीने विचारलं, "किती वेळ?"

"मला वाटलं, दोनेक मिनिटं," सरोजताई म्हणाल्या. "मला नाही सांगता येत गं."

त्यांच्या मागे दार वाजलं. क्षिप्रा येऊन उभी होती. काखेत लॅपटॉप, आणि लाल झालेलं मनगट दुसऱ्या हाताने धरलेलं.

"अकरा," ती म्हणाली. "अकरा मिनिटं, ताई. माझ्याकडे सेकंदही आहेत."

हेमांगीने पायलला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, त्यांच्यापासून लांबच्या बाजूला, आणि क्षिप्राकडे पाहिलं.

"आत ये," ती म्हणाली. "दाखव मला."