अर्धी गोळी

बदलापूरला कात्रपमध्ये दर गुरुवारी मनाच्या आजारांचा दवाखाना भरवणाऱ्या डॉक्टर वृंदाबाईंची औषधांवर भारी श्रद्धा. गोळी पोटात गेली की गुण येणारच! अठ्ठ्याऐंशी साली मात्र पुतळी नावाच्या एका पेशंटनं त्यांना जेरीस आणलं.

पुतळी बारवीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. कानात सारखी माणसं कुजबुजायची. पाच महिने तिनं चूल पेटवली नव्हती, की नवऱ्याशी, धोंडीशी, धड बोलली नव्हती. बाईंनी केसपेपरवर ठसक्यात लिहिलं, ‘आपल्या माणसांविषयी ओढ उरलेली नाही’, आणि जेवणानंतर एक गोळी सुरू केली. गुण नाही. दोन केल्या. तरी ये रे माझ्या मागल्या.

"गोळी रोज घेते ना?"

"रोज. माझे डोल्यादेखत," धोंडी शपथेवर सांगायचा.

शेवटी बाईंनी बजावलं, पुढच्या गुरुवारी फरक दिसला नाही तर ठाण्याच्या मनोरुग्णालयात भरती. धोंडीचं तोंड उतरलं. "तिकडं नका धाडू, बाय. ती नसली तं घरात मी कोनाकडं बघू?"

तो गुरुवार आला. पुतळी तशीच गप्प. दोघांना बाहेर बसवून बाई जड हातानं भरतीची चिठ्ठी लिहायला बसल्या, तोच नर्स मालिनी पदर तोंडाला लावून आत आली.

"बाई, पेशंट टक्क जागी आहे आणि नवरा बाकावर घोरतोय. मागच्या खेपेलाही हेच!"

बाई तरातरा बाहेर गेल्या. धोंडीला गदागदा हलवलं.

"दारू प्यायलास?"

"नाय वो! ही झोपच सोडीत नाय. परवा बांधावर पडलो, म्हशीनं सगलं रोप खाल्लं."

"मग घेतोस तरी काय?"

"गोली." धोंडीनं पुतळीकडं बोट दाखवलं. "हीच देते. आमचेत एकटं कोन खात नाय. आधी दातानं तोडून अर्धी माझे हातावर ठेवायची. तुमी दोन दिल्या, तवा एक तिला, एक मला."

बाईंनी कपाळावर हात मारला. गोळी रोज घेते का, हे त्यांनी दर वेळी विचारलं होतं. सगळी घेते का, हे एकदाही नाही. आधी हसू फुटलं, मग डोळेच भरून आले. जिच्या मनात कुणाविषयी ओढ नाही म्हणून आपण लिहिलं, ती बाई त्या कुजबुजीच्या गलक्यातही नवऱ्याचा वाटा विसरली नव्हती! त्यांनी केसपेपरवरची ती ओळ खोडली आणि चिठ्ठी टराटरा फाडली.

मग त्या पुतळीजवळ बसल्या. "हे बघ, गोळी औषध आहे, खाऊ नाही. दोन्ही तुझ्या. धोंडीला वाटा द्यायचाय ना? त्याला गुळाचा खडा दे. त्याला देऊन झालं की तू घे."

पुतळीनं मान डोलावली.

दीड महिन्यानं ती आली ती केस विंचरून, स्वतः दार ढकलून. कुजबूज पार विरली होती, चूल पेटत होती. धोंडी मागे उभा, चांगला जागा.

"वाटा देतेस ना गं याला?" बाईंनी विचारलं.

"देते तं!" पुतळीनं नवऱ्याकडं तिरपा डोळा टाकला. "पन हा लय लबाड हाय, डाक्टरीनबाय. गोली निम्मी खायाचा, आन् गूल एकटाच खातो!"