दोन मुठी मटकी

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे. खरं तर अर्धाच. दुसरा अर्धा पुण्यात राहिला. नीताच्या वडिलांनी अंग पुसून पुसून मला इतकं मऊ केलं, की शेवटी उकळत्या पाण्यातून काढून मला मोड आणायच्या कामावर नेमलं. भिजलेली मटकी पोटाशी घट्ट बांधून घ्यायची आणि तिला ऊब द्यायची, एवढीच माझी विद्या. पण त्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

लग्नानंतर नीता सिंगापूरला आली, तेव्हा तिच्या बॅगेतून मीही आलो. क्लेमेंटीत नवव्या मजल्यावर घर. पहिल्याच खेपेला आमची फजिती झाली. तिने पुण्याच्या सवयीने मला दोन दिवस बांधून ठेवलं, आणि इथल्या दमट हवेत मटकी आंबून बुळबुळीत झाली. घरभर वास! तिचा नवरा संजीव पोट धरून हसला. इथे एका दिवसात काम होतं, हे मग तिला उमगलं.

२०१४ साली संजीवची कंपनी बंद पडली. दुसरी नोकरी मिळाली, पण पगार जेमतेम. एकदा तो मान खाली घालून म्हणाला, "भागलं नाही तर तुला आणि गार्गीला पुण्याला पाठवावं लागेल." गार्गी म्हणजे त्यांची सात वर्षांची लेक, बाबावाचून जिचं पान हलत नाही अशी.

"कुणी कुठे जायचं नाही," नीता म्हणाली. "घर मी चालवते."

आणि चालवलं हो तिने. बाहेरचं खाणं बंद. बाजार उठता उठता टेक्का मार्केटात जायचं, स्वस्त झालेल्या लाल माठाच्या जुड्या आणायच्या, नाचणीची भाकरी थापायची आणि एक दिवसाआड मला कामाला जुंपायचं. गार्गी नाक मुरडून इथल्या पोरांच्या ढंगात म्हणायची, "अगेन मटकी? सो बोरिंग लाह!" पण वर गाजर किसून लिंबू पिळलं, की वाटी चाटूनपुसून साफ. बिशानहून मैत्रीण यायची, मेधा. ती विचारायची, "इतक्या थोडक्यात इतकं सकस कसं गं जमवतेस?" नीता हसून विषय बदलायची.

कसं जमायचं, ते मला ठाऊक होतं. माझ्यात मटकी यायची ती मोजून दोन मुठी. एक संजीवची, एक गार्गीची. तिसरी मूठ कधी आलीच नाही. ती दोघं बाहेर पडली, की नीता ओट्याशी उभ्यानेच चहा-पाव खायची, नाहीतर उरलेला भात आणि लोणचं. मला फार राग यायचा, मित्रांनो. सगळ्यांना सकस वाढणारी बाई स्वतःच्या पोटाला चिमटा घेत होती, आणि मला तोंडातून ब्र काढता येत नव्हता.

दीड वर्षाने एका सकाळी गार्गीला शाळेत सोडून परतताना नीता एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, जिन्यावर कोसळली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच उरलेलं नाही. बरेच महिने विश्रांती हवी, सतत कुणीतरी जवळ हवं. संजीवला एवढी रजा कोण देणार? शेवटी नीताला माहेरी पाठवायचं ठरलं, आणि तिच्यामागे गार्गीलाही. जे टळावं म्हणून ती अर्धपोटी राहिली, तेच झालं.

निघताना संजीव तिला म्हणाला, "रोज एका घरात राहून मला दिसलं कसं नाही गं?"

"तुला दिसू नये असंच वाढत होते," नीता म्हणाली.

आता मी दांडीवर वाळून कडक झालोय. मला कुणी हात लावत नाही. संजीव खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवरून काहीबाही आणतो आणि जेवण्याआधी पुण्याला फोन लावतो. "नीता, ताट दाखव," म्हणतो. ती दाखवते. मगच तो पहिला घास घेतो.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. आज जेवायला बसाल तेव्हा आईचं पान आपल्या शेजारी मांडा. "तुम्ही सुरू करा, मी आलेच," असं ती म्हणेल. सुरू करू नका.