पावण्यांचं घोंगडं

ज्येष्ठ लागला की कुस्तीची मैदानं थांबतात. हलग्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर जातात, आखाड्यात पाणी साठतं, आणि सांगलीच्या दादासोंसारख्या माणसांना आपल्याला एक घरही आहे याची आठवण होते.

यंदा त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको, चारुशीला, मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती आणि तिकडे बरीच रमलेली दिसत होती. नोकरी मागच्याच वर्षी संपली होती. दादासोंनी टीव्हीवर क्रिकेट लावून बघितलं. पण चहाची वेळ झाली म्हणून ज्या खेळात लढत थांबवतात, त्यात त्यांचा जीव रमेना. मंडईत एकदा दोन भाजीवाल्यांची जुंपली, तेव्हा ते पिशवी खाली ठेवून मोठ्या आशेनं उभे राहिले. लोकांनी मध्ये पडून सोडवलं. दादासोंना बरोबरीत सुटलेली कुस्ती मुळीच आवडत नाही.

उरलं होतं ते घोंगडं. हॉलमधल्या खुर्चीवर ते पाहुण्यासारखं बसून होतं.

ते पावण्यांचं. गेली सहा-सात वर्षं कुठलंही मैदान असो, हलगी कडाडायच्या आत एक सत्तरीचे, जुन्या कुस्त्यांत कान मोडलेले म्हातारे दादासोंच्या शेजारी घोंगडं अंथरायचे. "या पावणं," ते म्हणायचे. "बसा पावणं," दादासो म्हणायचे. ओळख एवढीच. नाव दोघांनीही विचारलं नव्हतं, कारण आपल्याकडे नावामागून गाव येतं, गावामागून आडनाव, आडनावामागून सोयरीक निघते, आणि तोवर समोरचा पैलवान चितपट होऊन टॉवेल शोधत असतो.

पावण्यांना एक वाईट खोड होती. ते सारखं विचारायचे, "कोन वर हाय?" लाऊडस्पीकरवरच्या निवेदकाला देणग्या आणि सत्कार यांतून कुस्तीकडे बघायला सवड नसायची, म्हणून दादासो सांगायचे. "निळ्या लांगेचा पैलवान वर आहे. पट काढला. आता मानेवर घुटना ठेवलाय." म्हातारा ऐकायचा आणि योग्य जागी "वा रं पठ्ठ्या!" म्हणायचा. एवढं कळतं तर स्वतः बघत का नाही, असं दादासोंना दर मैदानाला वाटायचं.

वैशाखातल्या शेवटच्या मैदानात वळवानं गाठलं. गारा सुरू झाल्या, हजारो माणसं एकदम उठून पळाली. पांगापांगीत पावणे दिसेनासे झाले आणि दादासोंच्या डोक्यावर घोंगडं राहिलं. 'भिजत घोंगडं' हा शब्द त्यांनी नोकरीभर वापरला होता. खरोखरचं पहिल्यांदाच घरी आणलं.

"ते आधी बाहेर टाका," फोनवरूनच वास आल्यासारखी चारुशीला म्हणाली.

"माणसाचं आहे. द्यायला हवं."

"कुणाचं?"

दादासोंनी विषय बदलून मुलीची चौकशी केली. पण त्या संध्याकाळी त्यांना कळलं की या घरात "कोन वर हाय?" असं विचारणारंही कुणी नाही. पुढच्या मैदानाला तो माणूस आलाच नाही तर? कुठं चौकशी करायची, काय नावानं?

म्हातारा दरवेळी आटपाडीच्या एस.टी.त चढायचा, एवढी खूण होती. बाजाराच्या दिवशी दादासो घोंगडं काखेत मारून आटपाडीला गेले आणि मेंढ्यांच्या गर्दीत बाळासो नावाच्या व्यापाऱ्याला त्यांनी खुणा सांगितल्या. सत्तरीचे, कान मोडलेले, मैदान न चुकवणारे.

"आवं, असलं चौदा हायती हितं," बाळासो म्हणाला. "घोंगडं इकायचं आसंल तर तसं सांगा की."

"ते शेजारच्याला सारखं विचारतात, वर कोण आहे म्हणून."

"आस्सं म्हना की! जोतीरामतात्या. त्यास्नी दिसत कुटं हाय? धा वर्सं झाली, डोळ्यांत निस्ता धूर."

दादासो घोंगड्याची घडी मोडून पुन्हा घालत राहिले. मग वाट विचारून घेतली.

तात्या पडवीत खाटेवर होते. पाय सरळ ठेवलेला, उशाला काठी. दादासो म्हणाले, "या पावणं." म्हाताऱ्यानं मान झटक्यात वळवली, पण जरा चुकीच्या बाजूला.

"आरं तिच्या! पावणं, तुमी? संयोगिता, च्या ठेव गं!"

सून संयोगिता बाहेर आली. तिनं घोंगडं ओळखलं आणि दादासोंकडे गुन्ह्यातला साथीदार सापडल्यासारखं बघितलं. "हेच्यापायी मामा गारांत परत फिरलं. घोंगडं ऱ्हायलं म्हनून. निसटून पडलं आन खुबा मोडला. आता मैदान न्हाई आन काय न्हाई. आमी सोडायचो न्हाई."

"घोंगड्यासाठी?" दादासोंनी विचारलं.

"घोंगड्याला काय जाळायचंय व्हय," तात्या म्हणाले. "मला वाटलं, तुमी तितंच बसलाय."

चहा आला. दोघांनी तो प्यायला. कुस्तीशिवाय त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं, आणि कुस्ती श्रावणाशिवाय नव्हती. तात्यांना तर तीही नव्हती. डोळ्यांचं दादासोंनी विचारलं नाही. तात्यांनी सांगितलं नाही. एस.टी.ची वेळ झाली तेव्हा तात्यांनी घोंगडं चाचपून पुन्हा त्यांच्याच हातात दिलं.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. मी नसलो तर जागा कोन धरंल?"

दादासोंनी संयोगिताचा फोन नंबर घेतला. देणारीला तो का हवा ते कळलं नाही, घेणाऱ्यालाही नीट कळलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी त्यांनी संयोगिताला फोन लावला, तो तात्यांच्या उशाशी ठेवायला सांगितलं, आपला मोबाइल टेबलावर ठेवला आणि टीव्हीवर जुन्या मैदानाची एक कुस्ती सुरू केली. आवाज बंद. निकाल त्यांना पाठ होता.

"तात्या, हलगी सुरू झाली. लाल लांग सोलापूरकडचा, उंच. दुसरा ठेंगणा, पण मान बघा, रेड्याची."

"कुटलं मैदान हे? पावसात?"

"ऐका तुम्ही."

पलीकडे खाट करकरली. मग, "बरं. कोन वर हाय?"

दादासो घोंगड्यावर बसून सांगत राहिले. लांबलेली कुस्ती होती. हाताला हात, मानेला मान, नुसती खडाखडी. मग लाल लांग खाली गेली. "घुटना ठेवलाय, तात्या. आता घिस्सा मारतोय, पाठीवर उलटवतोय." फोनमधून "वा रं पठ्ठ्या" आलं नाही. दादासो थांबून ऐकू लागले. म्हातारा घोरत होता.

फोन बंद करता आला असता. पण अर्ध्यावर सोडलेली कुस्ती ती कसली? दादासोंनी आपला आवाज उतरवला आणि निकालापर्यंत नेली. ठेंगण्यानं पाठ टेकवली. चितपट. टीव्हीवरच्या मैदानात फेटे उडाले. दादासोंनी एकट्यानंच टाळी वाजवली, जरा हळू, पलीकडचा माणूस जागा होऊ नये म्हणून.