दुसऱ्याच्या नावाचं विमान

महेबूबला विमानात बसायचं होतं, पण फक्त सदफच्या. सदफ म्हणजे त्याची थोरली मुलगी, एअर होस्टेस. तीन वर्षांपूर्वी तिला नोकरी लागली तेव्हा याने लातूरच्या गंजगोलाईत पेढे वाटले आणि दिसेल त्याला सांगितलं, पोरगी 'नीलपंख'मध्ये लागली. नीलपंख म्हणजे मोठी कंपनी, टीव्हीवर जाहिराती येतात. मला त्याने ही बातमी तीनदा सांगितली आणि पेढा मात्र एकदाच दिला.

मी किशन. महेबूबच्या बँडमध्ये पस्तीस वर्षं क्लॅरनेट वाजवलं. तो ट्रम्पेट वाजवायचा आणि मालकही तोच. आता दोघांचे दात गेले, वाजवणं सुटलं, भांडणं तेवढी चालू आहेत.

"तुझ्या विमानात कधी येऊ?" असं तो सदफला दर महिन्याला विचारायचा आणि ती टाळायची. कधी ड्यूटी बदललेली असायची, कधी विमान भरलेलं असायचं. मला शंका यायची. महेबूबला शंका येत नाही, पोरीच्या बाबतीत तर नाहीच. मग नीलपंखचं नांदेड–पुणे विमान सुरू झालं, आणि सदफ फोनवर आईजवळ बोलून गेली की बुधवारी मी नांदेडला उतरणार आहे, पण लगेच पुण्याला निघायचंय, घरी येता येणार नाही. रहमतबीच्या पोटात काही राहत नाही. तिने नवऱ्याला सांगितलं आणि याने त्याच संध्याकाळी दोन तिकिटं काढली, एक स्वतःचं आणि एक माझं.

"तिला कळू द्यायचं न्हाई, किशन. एकदम जाऊन पुढ्यात हुबं राहायचं!"

बुधवारी सकाळच्या एसटीने अहमदपूर, लोहा करत आम्ही नांदेडला पोचलो. गड्याने इतकं अत्तर लावलं होतं की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून दोनदा बघितलं. मी खिडकी उघडली तर म्हणाला, केस विस्कटतात. डोक्यावर केस मोजून वीस असतील.

विमानतळावर काचेतून विमान दिसलं. पांढरं विमान आणि शेपटीवर भलत्याच कंपनीचं नाव. महेबूब तडक काउंटरवर गेला. तिथल्या मुलीच्या छातीवर गीतांजली अशी पाटी होती.

"बाई, आमचं तिकीट नीलपंखाचं हाय. हे दुसऱ्याचं विमान लावलंय तुमी."

"विमान बरोबर आहे, काका," ती म्हणाली. "नवीन मार्ग सुरू करायचे आहेत आणि आमच्याकडं विमानं कमी पडून राहिली. म्हणून ही दुसऱ्या लहान कंपनीकडून भाड्यानं घेतली. विमान त्यांचं, पायलट त्यांचे, आतल्या मुली पण त्यांच्याच. तिकीट आणि नाव तेवढं आमचं."

"मंग नीलपंखाच्या पोरी?"

"त्या या विमानात नसतात, काका."

महेबूब येऊन माझ्याशेजारी बसला. एक तर सदफ या विमानात नाही, नाहीतर ती नीलपंखमध्ये नाही. मी म्हणालो, "चल, घरी जाऊ." तो म्हणाला, "तिकीट काढलंय. बसू."

शिडी चढलो तर दारात सदफच उभी. अंगावर त्या लहान कंपनीचा तपकिरी गणवेश. नमस्काराला जोडलेले तिचे हात बापाला बघून तसेच राहिले आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला. बापाला सगळं कळलंय, हे तिला तिथेच कळलं असणार. ओठ हलले, "अब्बा..."

आणि या बाबाने काय करावं? परक्या बाईला करावा तसा नमस्कार केला. "नमस्कार मॅडम. आमची शीट कुठं हाय?" आणि चालता झाला. चार माणसं मागे नसती तर मी त्याच्या पाठीत धपाटा घातला असता.

थोड्या वेळाने सदफने माईकवर सूचना सुरू केली. नीलपंखच्या या प्रवासात आपलं स्वागत आहे, असं म्हणून पुढे आपल्या कंपनीचं नाव घ्यायचं तर ती तिथेच अडली. शेवटी दुसऱ्या मुलीने माईक घेऊन पुढचं सांगितलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "अरे, माणूस हायस का कोण? लेकरानं एक गोष्ट लपवली, तर वळखबी दाखवना झालास?"

त्याने माझ्याकडे नवलाने बघितलं. "किशन, ती पार्टीत हाय ना."

ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती.

लग्नसराईत तिथी दाट आली की मोठ्या बँडवाल्याकडे एका दिवशी चार-चार लग्नं असायची. एवढी माणसं तो कुठून आणणार? मग आमच्यासारखी लहान पार्टी वाद्यांसकट, वाजवणाऱ्यांसकट घ्यायचा. बोर्ड त्याचा, टोप्या त्याच्या, दम आमचा. या कामाचा नियम कडक. वरातीत सख्खा मेव्हणा नाचत असला तरी आपण ओळख दाखवायची नाही आणि त्यानेही नाही. लग्नघरच्यांना कळलं तर बोर्डवाल्याची अब्रू जाते आणि पुढच्या वर्षी आपल्याला बोलावणं येत नाही. टोपी उतरवली की मग काय ते रामराम, सलाम. महेबूब तोच नियम पाळत होता, विमानात.

"बाप म्हणून गळ्यात पडलो आन् तिला कुणी बोललं तर?" तो म्हणाला. "तिची नौकरी हाय."

"अरे, पण तिला कुठं ठाव हाय तुझा नियम? तिला वाटून राहिलं, बापानं तोडली."

"ठाव कसा न्हाई? बँडवाल्याची पोरगी..." आणि तो मध्येच थांबला. ठाऊक असणार कसं? घरात त्याने कधी सांगितलंच नव्हतं. दर वरातीला निघताना तो एकच म्हणायचा, आज आपल्या बँडचं लग्न आहे.

सदफ पाणी घेऊन आली. डोळे लाल. तिने ग्लास पुढे केला, महेबूबने घेतला. निम्मं पाणी विजारीवर सांडलं. तरी म्हणाला, "शुक्रिया, मॅडम." ती मान खाली घालून पुढे गेली. मी त्याच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

पुण्याला विमान उतरलं, माणसं उठली, पिशव्या निघाल्या. महेबूब बसूनच राहिला. शेवटचा माणूस गेल्यावर तो उठला आणि दारापाशी गेला.

"समदे उतरले?"

"हो, अब्बा."

"काम झालं तुझं?"

"हो." तिला रडू आवरेना. "अब्बा, मी सांगणार होते. नीलपंखनं दोनदा नापास केलं मला. यांनी घेतलं. यांची विमानं नीलपंखला भाड्यानं जातात, म्हणून मी म्हटलं नीलपंखच्या विमानात हाय... आणि तुम्ही तर पेढेच वाटले."

महेबूबने तिला जवळ ओढलं. स्वतःच्या आईला कबरीत ठेवताना हा माणूस रडला नव्हता, मी शेजारी उभा होतो. आता तो लहान पोरासारखा रडत होता आणि मला फार बरं वाटत होतं.

"धा वराती वाजवल्या तर त्यातल्या आठ लोकाच्या नावावर वाजवल्या म्या," तो म्हणाला. "तुला कधी बोललो न्हाई. शाळेत पोरी हसतील तुला, असं वाटायचं."

सदफने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. खरंच होतं ते.

"मग आता गंजगोलाईत काय सांगणार, अब्बा?"

"सांगतो की," डोळे पुसत महेबूब म्हणाला. "पोरगी बापाच्याच धंद्यात हाय."